चौथी चौकट

चार फोटोंतल्या चौथ्यात आत्याचे डोळे मिटलेले होते. सुरुवात एवढ्याशा गोष्टीने झाली.

दिवा तिकडेच असू द्या, माझ्याकडे वळवू नका. हल्ली उजेड डोळ्यांना लागतो. सांगते सगळं. फक्त मध्येच हसू नका. मी घाबरट आहे, हे मला ठाऊक आहे. कुठे दार आपटलं तरी माझ्या हातातला चहा सांडतो. भागूबाई हे नाव आत्यानेच पाडलं माझं. तेव्हा यातलं अर्धं माझ्या भित्रेपणाच्या खाती घाला हवं तर. उरलेलं अर्धंही पुरेसं आहे.

आत्याचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, पडद्यासमोर बिनपाठीचं स्टूल आणि कोपऱ्यात घरघरणारा जुना फ्रिज. ओळखपत्राला, पासपोर्टला लागतात ते फोटो आम्ही काढायचो आणि उभ्या उभ्या हातात द्यायचो. तिच्या कॅमेऱ्याला समोर चार भिंगं होती आणि बटण एकच. दाबलं की चारही भिंगं एकदम उघडायची, आणि एकाच कागदावर चार सारखे चेहरे उमटायचे. कागद कॅमेऱ्यातून ओढून काढायचा, थोडं थांबायचं आणि वरचा थर सोलायचा. चर्रर्र... असा लांबलचक आवाज यायचा. मग एका हातात फोटो आणि दुसऱ्या हातात काळपट, चिकट साल. फोटो गिऱ्हाइकाला, साल टोपलीत. थंडीत फिल्मवरचं रसायन आळसावतं, म्हणून आत्या तो कागद काखेत धरून उभी राहायची. गिऱ्हाइकं बघत राहायची. ती म्हणायची, "अंडं उबवतेय. थांबा जरा."

त्या फिल्मचा कारखाना केव्हाच बंद पडला होता. यंत्रं भंगारात गेली, रसायन कालवणारी माणसं घरी बसली, काही तर वारलीही. आत्याने मिळेल तिथून पाकिटं गोळा करून फ्रिजमध्ये रचून ठेवली होती. भाजीला जागा उरली नव्हती. त्यांच्याही तारखा उलटून गेलेल्या. चेहरे पिवळे यायला लागले होते. एक गृहस्थ फोटो बघून घाबरून म्हणाले, "मला कावीळ झालीय की काय?" आत्या म्हणाली, "तुम्हाला नाही, फिल्मला."

मी तिला सारखी म्हणायचे, "आता तरी कॉम्प्युटर घेऊ या गं. एक प्रिंटर घेऊ."

"घे की. मी मेल्यावर घे," ती म्हणायची. "तो फोटो कुठूनही येतो आणि कुठेही जातो. हा माणसासमोर जन्मतो. फ्रिज रिकामा झाला की मीही हे शटर ओढणार, भागूबाई. त्याच्या आधी नाही."

हे ती हसत सांगायची, पण रोज सकाळी फ्रिज उघडून पाकिटांवरून हात फिरवायची, तेव्हा हसत नसे. लग्न केलं नाही, मला मात्र वाढवलं. मी आणि ते दुकान, एवढाच तिचा संसार. आणि फिल्म अशी मोजकी, त्यामुळे तिला सगळ्यात जास्त राग कशाचा, तर गिऱ्हाइकाच्या पापणीचा. एक पापणी लवली की चारही चेहरे वाया. बटणाआधी ती दरडावायची, "पापणी लववायची नाही हं." आणि बटण दाबल्यावर एकदम मऊ आवाजात, बाळाला झोपवताना बोलतात तशी म्हणायची, "झालं. आता मिटा डोळे." प्रत्येकाला. शब्द कधी बदलले नाहीत.

आणि मग तो पेटीवाला आला.

नाव त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. करडा स्वेटर, खांद्याला कुल्फीवाल्यासारखी बर्फाची पेटी. माझं लक्ष आधी गेलं ते त्याच्या डोळ्यांकडे. लाल, कोरडे, कडांना तडकल्यासारखे. माणूस खूप दिवस झोपला नाही की असे होतात, असं मी मनात म्हटलं.

"बाई, फिल्म हवीय?"

"शिळी माझ्याकडेच ढीगभर आहे," आत्या म्हणाली.

"ताजी आहे. आम्ही काही जणांनी पुन्हा बनवायला घेतलीय."

आत्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्याने पेटी उघडली. आत बर्फ होता, खराखुरा, वितळत आलेला. त्यातून त्याने एक पांढरं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. मी ते उचललं आणि लगेच खाली टाकलं. ते कोमट होतं. बर्फातून काढलेलं पाकीट, आणि कुणीतरी इतका वेळ काखेत धरून ठेवल्यासारखं ऊबदार.

"यावर तारीख नाही. कंपनीचं नाव नाही," मी म्हणाले.

"उलटणाऱ्या मालावर तारीख घालतात, ताई."

मी रसायनशास्त्र घेऊन पदवी केलीय. उगीच नाही. मी विचारलं, "रसायन कुठलं वापरता?"

"ते ज्याचं त्याच्याकडेच असतं," तो म्हणाला, आणि आत्याकडे वळला. "बदल्यात काही नको, बाई. तुम्ही सोलून टाकता ती सालं तेवढी जमवून ठेवा. मी येऊन नेत जाईन."

"कचऱ्याच्या बदल्यात फिल्म!" आत्या मोठ्याने हसली. "अहो, टोपलीसकट न्या. आणि पापणी लवली तर काय होतं हिच्यावर, ते सांगा."

"लवलेली पापणी चौथ्यात जाते. तीन कायम चांगले येतात."

आत्या स्टुलावर बसली, बटण मी दाबलं. कागद ओढला, थांबले, सोलला. तीन चौकटींत आत्या टक्क बघत होती. चौथीत तिचे डोळे मिटलेले.

"आत्या, हे कसं शक्य आहे? चारही भिंगं एकदम उघडतात ना?"

"म्हणालाच होता ना तो. चारांत एक गेला तर गेला. रंग बघ कसा आलाय! कावीळ नाही, काही नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आनंदाचं, असं मला वाटलं. त्या आनंदापुढे माझ्या शंकेचा काय पाड? तिने तो कागद न कापता काउंटरच्या काचेखाली सरकवून दिला. पेटीवाल्याने माझ्या हातातली साल अलगद घेतली, घडी न घालता, ओली तशीच. त्या फिल्मला नेहमीचा झोंबणारा वास नव्हता. माणसाने रात्रभर डोकं ठेवलेल्या उशीला येतो तो वास होता.

त्या आठवड्यात आत्याने नव्या फिल्मचा सपाटाच लावला. गिऱ्हाइकाला तीन फोटो कापून द्यायचे, चौथा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. सगळे चौथे मिटलेले. शेजारच्या शिंपीकाकांनीही कुठल्याशा अर्जासाठी फोटो काढून घेतला. "तीनच? शिलाईत मी असा चौथा हिस्सा ठेवून घेतला तर तुम्ही मला सोडाल का, ताई?" म्हणाले. आत्या म्हणाली, "ठेवता की. परवाच्या ब्लाउजचं उरलेलं कापड कुठाय?"

पेटीवाला नवी पाकिटं द्यायला आणि सालं न्यायला येत राहिला. दरवेळी त्याचे डोळे बरे दिसायचे. लाली गेली, तडे गेले. शेवटच्या खेपेला तो काउंटरशी उभा राहून सारख्या पापण्या लववत होता. हौसेने. लहान मुलाला नवी शिट्टी मिळाली की ते वाजवतच राहतं ना, तसा. मी आत्याचा पदर ओढून कुजबुजले, "मला हा माणूस बरा वाटत नाही."

"तुला कोण बरा वाटतो? गेल्या महिन्यात तू मीटर बघायला आलेल्याला चोर ठरवलंस."

पण त्या दिवसांत आत्याचं अंथरूण सकाळी घडी न मोडलेलं दिसायचं. विचारलं तर म्हणायची, वय झालं, झोप कमी होते. डोळ्यांत सारखे थेंब घालायची.

आणि मग पेटीवाल्याने तिला कारखाना बघायला बोलावलं. तिथे पाकिटं भरायला माणसं कमी पडतात, फिल्म समजणारं कुणीतरी हवं, म्हणाला. सकाळी ती नवी साडी नेसून त्याच्यासोबत निघाली. कुठे, हे तिलाही नीट माहीत नव्हतं.

"नको जाऊस," मी म्हणाले. "निदान पत्ता तरी..."

"अगं, ही फिल्म टिकली तर दुकान टिकेल. तुझ्यासाठीच चाललेय ना? पोचले की फोन करते. कुणी आलं तर नव्यातलंच पाकीट वापर, घाबरू नकोस." तिने माझ्या गालावर हात ठेवला. हात गार होता. डोळे लालसर होते, कडांशी कोरडे.

तिचा फोन आला नाही. मी केला, रिंग वाजून वाजून बंद झाली. जेवणाच्या वेळी पुन्हा केला. तेच. कुणी गिऱ्हाईक आलं नाही, आलं असतं तरी मी त्या कॅमेऱ्याला हात लावला नसता.

दुपारी शिंपीकाका डोकावले. गळ्यात टेप, कानावर खडू.

"ताई नाहीत का गं? त्यांच्याकडे डोळ्यांत घालायचे थेंब असतात ना? फार चुरचुरतात. आठवडा झाला, डोळा लागत नाही. बायको खूश आहे माझी. म्हणते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घोरण्याशिवाय रात्र बघतेय."

मी हसले. थेंबांची बाटली शोधता शोधता त्यांच्याकडे बघितलं आणि माझं हसू तिथेच राहिलं. एक माशी त्यांच्या गालावरून चढत डोळ्याच्या पांढऱ्या भागापाशी येऊन बसली. काकांनी ती हाकलली. हाताने. पापणी हललीच नाही.

"काका... जरा डोळे मिटून दाखवा."

"मिटत नाहीत, तेच तर सांगतोय," ते सहज म्हणाले. "उद्या डॉक्टरकडे जाईन." बाटली घेऊन ते गेले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून त्यांच्या मशीनची खडखड ऐकू यायला लागली.

मी आधी काय केलं असेल, तर पळत जाऊन आरशात बघितलं. माझी पापणी लवत होती. दहादा लववून बघितली. मग बिस्किटांचा डबा काउंटरवर पालथा केला. सगळे मिटलेले चेहरे. इतक्या माणसांना एकाच वेळी झोपलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांतला शिंपीकाकांचा शोधून मी वेगळा ठेवला. टक लावून बघत बसले. कानावर खडू, मान जराशी कललेली, डोळे शांत मिटलेले. खऱ्या काकांना नव्हती ती झोप या चौकटीत होती. माझ्या मनात विचार आला तो मी मोठ्याने म्हटला, कारण मनात ठेवायची भीती वाटली: "ही त्यांची झोप आहे."

मी पुन्हा आत्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. तेवढ्यात माझी पापणी लवली असेल, एवढंच. खाली बघितलं तर चौकटीतले काका माझ्याकडे बघत होते.

डोळे सताड उघडे.

भिंतीपलीकडे मशीनची खडखड थांबली होती.

मी अनवाणीच धावले. काकू दुकानाच्या दारात बसून काजं करत होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ... लागला एकदाचा डोळा."

काका मशीनवर डोकं टेकून बसले होते. डोळे मिटलेले. सुई अर्ध्या टाक्यात कापडात रुतलेली.

"काकू... त्यांना जरा... हलवून बघा ना."

"वेडी की काय! आठ दिवसांनी झोपलेत. बघ किती गाढ. घोरतसुद्धा नाहीयेत." त्या कौतुकाने हसल्या.

काकांच्या गळ्यातली टेप छातीवरून खाली लोंबत होती. श्वासाबरोबर ती थोडी तरी हलायला हवी होती. मी बघत राहिले. टेप हलली नाही.

"काकू, डॉक्टरांना बोलवा. आत्ता बोलवा," एवढं कसंबसं बोलले. काकूंचं हसू उतरताना दिसलं, पण त्या उठेपर्यंत थांबायचा धीर मला झाला नाही. कारण आमच्या काउंटरच्या काचेखाली आत्या होती.

मागून काकूंची हाक ऐकू आली. काकांना मारलेली. पुन्हा एकदा, मोठ्याने. मी दुकानात शिरून काच उचलली.

तीन चौकटींत आत्या टक्क बघत होती. चौथीत मिटलेलीच होती. माझ्या तोंडून हुंदका फुटला. मी फोन लावला. रिंग. पापणी लवली. चौथ्या चौकटीत पापण्यांच्या मधे एक बारीक पांढरी रेघ दिसायला लागली.

तेव्हा मला कळलं. मी बघत होते तोवर काही होत नव्हतं. माझी पापणी लवली की ती उघडत होती.

आता तुम्ही म्हणाल, कागद फाडून का नाही टाकला? जाळून का नाही टाकला? फाडल्यावर तिचं काय झालं असतं, सांगा मला. मला सुचलं ते एकच, आणि तेही आत्यानेच शिकवलेलं: ऊब लागली की फिल्म भराभर उमलते, गारठ्यात आळसावते. मी फ्रिजचं दार उघडून त्याच्यासमोर फरशीवर बसले आणि तो कागद तिच्या जुन्या पाकिटांमध्ये धरला. कोमट होता. बोटांखाली काहीतरी धुगधुगत असल्यासारखा. बाहेर संध्याकाळ उतरत होती. दुकानातला दिवा लावायचा तर नजर काढावी लागली असती. फ्रिजचा पिवळा दिवा पुरेसा होता.

डावा हात फ्रिजमध्ये. उजव्या हातात फोन, कानाशी. डोळे चौथ्या चौकटीवर. पापणी लववायची नाही हं... मी स्वतःलाच दरडावत होते. फ्रिजचा गार वारा थेट बुबुळांवर येत होता. आधी चुरचुरलं, मग जळजळलं, मग सगळं पाण्यातून बघितल्यासारखं थरथरायला लागलं. एकदा लवलीच. रेघ रुंद झाली. आता तिच्या बुबुळांची खालची कड दिसत होती.

"आत्या, उचल... उचल ना गं..."

रिंग वाजून बंद झाली. न बघता अंगठ्याने पुन्हा लावली. बंद. पुन्हा लावली. शेजारी माणसं जमल्याचा आवाज येत होता, कुणीतरी धावत रस्ता ओलांडत होतं. मी मान वळवली नाही. भागूबाई, एवढं एक कर, मी म्हणत होते. आयुष्यभर सगळ्याला दचकलीस. आज दचकू नकोस.

हळूहळू जळजळ कमी झाली. पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत वाहत होतं, पण डोळे जणू दुसऱ्या कुणाचे असावेत तसे उघडे राहिले. त्यांना काही लागेना. चौथ्या चौकटीतली आत्या होती तिथेच थांबली, अर्धी उघडी, अर्धी मिटलेली.

आणि फोन उचलला गेला.

"आत्या?"

पलीकडे मोठी खोली असावी. खूप माणसं एका जागी गप्प उभी असली की असते तशी ती शांतता होती. मग अगदी कानाजवळ तो आवाज आला. चर्रर्र... सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणीतरी कागद सोलत होतं.

"आत्या, बोल ना... कुठे आहेस तू...?"

आणि आत्याचा आवाज आला. मऊ, ओळखीचा, बाळाला झोपवताना बोलतात तसा. मला आयुष्यात कधी तिने अहो-जाहो केलं नव्हतं.

"झालं," ती म्हणाली. "आता मिटा डोळे."